पहारेकऱ्यांची उमेदवारी

२०१८ सालच्या ऑगस्ट महिन्यातील ११ तारखेस, शनिवारी, जगातील २८ देशांत काही अनोळखी माणसे एटीएम यंत्रांपुढे उभी राहिली, आणि पुण्यात १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेची म्हणून तयार केलेली बनावट कार्डे यंत्रात सरकवून, दोन-सव्वादोन तासांच्या अवधीत सुमारे ७८ कोटी रुपये घेऊन चालती झाली. त्याच दिवशी आपल्या देशातही, कोल्हापूर धरून निरनिराळ्या शहरांतून, अडीच कोटी रुपये काढले गेले. आणि रविवारची सुट्टी संपून सोमवार उजाडतो न उजाडतो तोच, आंतरराष्ट्रीय हुंड्यांची जी 'स्विफ्ट' नामक व्यवस्था आहे तीतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात जाऊन पडले. एवढी रक्कम गेली, तरी बँकेच्या एकाही दरवाज्याचे कुलूप तुटले नव्हते; इतकेच काय, ज्या खातेदारांची म्हणून ती कार्डे दाखवली गेली त्यांच्या शिलकेतून एक पैसाही कमी झाला नव्हता.

हे कसे घडले ते समजून घेणे अवघड नाही. एटीएमचे यंत्र स्वतःच्या अकलेने कोणालाही पैसे देत नाही. ते एका मध्यस्थ संगणकाला, ज्याला या व्यवसायात 'स्विच' म्हणतात त्याला विचारते, आणि स्विच बँकेच्या मूळ खातेवहीत शिल्लक पाहून 'मंजूर' किंवा 'नामंजूर' असा निरोप परत पाठवतो. चोरांनी खातेवहीला हातच लावला नाही. त्यांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून खऱ्या स्विचला बगल दिली आणि त्याच्या जागी एक तोतया बसवला, जो खातेवहीकडे न जाता प्रत्येक मागणीला परस्पर 'मंजूर' म्हणत गेला. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने एके काळी ज्या पुण्याची झोप उडवली होती, त्याच पुण्यात हा दुसरा तोतया अवतरला. फरक इतकाच की पहिल्याला ओळखणारी माणसे हयात होती आणि त्यांना बोलावून विचारता आले. दुसऱ्याला चेहराच नव्हता. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले, हे पोलीस तपासाचे यश खरेच. पण माझ्या मनात घोळत राहिला तो निराळाच प्रश्न: त्या शनिवारी दुपारी, मंजुरीचे हजारो निरोप जात असताना खातेवही मात्र निपचित पडून आहे, ही विसंगती ज्याच्या डोळ्याला खुपली असती, असा माणूस आपण कोठे आणि कसा घडवतो?

या माणसाचे काम म्हणजे काय, याविषयी आपल्या समाजात चमत्कारिक समजुती आहेत, आणि त्यांचे श्रेय चित्रपटांकडे जाते. अंधाऱ्या खोलीत हिरवी अक्षरे पडद्यावरून धबधब्यासारखी कोसळत आहेत आणि कोणी एक विलक्षण बुद्धीचा तरुण काही क्षणांत शत्रूला चीत करतो आहे, असे चित्र डोळ्यांपुढे ठेवून सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात येणाऱ्या मुलांचा पहिल्याच आठवड्यात हिरमोड होतो. प्रत्यक्षात हे काम रोजकीर्द तपासणाऱ्या जुन्या कारकुनाच्या कामाशी अधिक जवळचे आहे.

एका प्रशिक्षणवर्गात मला हे जवळून पाहायला मिळाले. शेवटच्या वर्षातील एक मुलगी सरावासाठी दिलेल्या नोंदी वाचत बसली होती. या नोंदींना हे लोक 'लॉग' म्हणतात. विंडोज प्रणालीत आत शिरण्याचा प्रयत्न फसला की ४६२५ या क्रमांकाची नोंद पडते, आणि यशस्वी झाला की ४६२४ या क्रमांकाची. तिच्यापुढील पानावर रात्री २ वाजून १० मिनिटांपासून २ वाजून ५० मिनिटांपर्यंत ४६२५ च्या एकूण ४१ ओळी होत्या, आणि २ वाजून ५३ मिनिटांनी एक ४६२४. मला वाटले, चोर सापडला! ती मात्र तारखा-वेळांवरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "सर, हे दर मिनिटाला एक पडतंय. माणूस इतक्या नेमानं चुकत नाही." शिक्षक म्हणाले, "अगं, चोरसुद्धा हल्ली यंत्रच लावतो. पत्ता कुठला आहे बघ." पत्ता आतलाच, राखीव प्रती काढणाऱ्या यंत्राचा निघाला; आदल्या संध्याकाळी त्या खात्याचा पासवर्ड बदलला होता आणि यंत्राला तो कळवायचे कोणीतरी विसरले होते. रात्रपाळीच्या अभियंत्याने २ वाजून ५० मिनिटांनंतर ती चूक दुरुस्त केली, एवढाच सगळा प्रकार. "मग फॉल्स पॉझिटिव्ह म्हणून टिकेट बंद करू?" असे तिने विचारताच शिक्षकांनी जे उत्तर दिले ते मी टिपून ठेवले आहे: "कर, पण कारण लिहिल्याशिवाय नाही. उद्या तुझ्या खुर्चीत दुसरं कोणी असेल."

तीन पाळ्यांत चालणाऱ्या अशा पहाऱ्याच्या दालनास 'सॉक' म्हणतात. तेथे दाखल होणारा नवा उमेदवार 'एल-वन', म्हणजे पहिल्या पायरीवरचा. त्याला सुचेनासे झाले की तो प्रकरण 'एल-टू'कडे सोपवतो. शंभर खोट्या हाकांतून एक खरी हाक ओळखणे हे त्याचे कसब, आणि ते पुस्तकातून येत नाही. त्याला संगणकशास्त्राचीच पदवी लागते असेही नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेवर जो दरोडा पडला, त्यात ८ कोटी १० लाख डॉलर गेले. परंतु श्रीलंकेकडे निघालेली २ कोटी डॉलरची एक रक्कम वाचली, ती का, तर चोरांनी 'फाउंडेशन' हा शब्द 'फॅन्डेशन' असा लिहिला होता आणि वाटेवरच्या एका जर्मन बँकेत ती चूक कोणाच्या तरी नजरेस पडली. शुद्धलेखनाची थट्टा करणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनी हा प्रसंग अवश्य ध्यानात ठेवावा. वाणिज्य शाखेचा जो मुलगा जमाखर्चातील खोट पटकन हेरतो, तो या पहाऱ्यावर कित्येकदा अभियंत्याहून सरस ठरेल असे मला वाटते. त्याला कोणी बोलावत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता मागणीकडे पाहू. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे पुण्यातील दरोड्यानंतर दोन महिन्यांनी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे प्राथमिक नियम जारी केले, आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने या बँकांच्या त्यांच्या व्यवहारानुसार चार पायऱ्या करून वरच्या पायरीवरील बँकांना अहोरात्र पहाऱ्याचे दालन बंधनकारक केले. देशातील नागरी सहकारी बँकांची सर्वांत मोठी वस्ती महाराष्ट्रात आहे. सांगली, सोलापूर, जळगाव, नगर अशा ठिकाणच्या या बँकांचे कारभारी कर्जवसुलीत मुरलेले असले, तरी प्रणालीतील छिद्र बुजवणारा 'पॅच' म्हणजे काय हे सांगणारा माणूस त्यांच्या पदरी क्वचितच असतो. शिवाय २८ एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये, कोणत्याही संस्थेवर असा हल्ला झाल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या खात्यास वर्दी द्यावी लागते. सहा तासांत वर्दी द्यायची, तर हल्ला झाला आहे हे ओळखणारे कोणीतरी जागेवर असावे लागते. २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात पाच वर्षांत पाच लाख कुशल मनुष्यबळ उभारण्याचा संकल्प सोडलेला होता. संकल्पाच्या वेळी हातात पाणी घेणे सोपे असते.

या मनुष्यबळाचा उगम जेथे व्हावयाचा, त्या महाविद्यालयांची अवस्था काय? कॉम्प्युटर सायन्स या नावापुढे कंसात 'सायबर सिक्युरिटी' असे लिहिलेल्या शाखा अलीकडे ठिकठिकाणी निघाल्या आहेत. अशाच एका महाविद्यालयात मी गेल्या पावसाळ्यात एका व्याख्यानाच्या निमित्ताने गेलो होतो. प्रयोगशाळा पाहण्याची इच्छा मी व्यक्त केली तेव्हा असे कळले की, तिची किल्ली विभागप्रमुखांकडे आहे आणि विभागप्रमुख कोणत्याशा समितीच्या सरबराईत गुंतले आहेत. तासाभराने दार उघडले. आत उत्तम यंत्रे होती, आणि त्यांतील दोन अद्याप प्लॅस्टिकच्या वेष्टनात होती. टेबलावर सबमिशनच्या जर्नलांची चळत रचलेली होती. त्यांतील एक सहज उघडून पाहिले, तर 'जाळ्यावरील वाहतुकीचे निरीक्षण' या प्रयोगाला जोडलेल्या चित्रात संगणकाची तारीख मागील वर्षाची, आणि वरच्या कोपऱ्यात यंत्राच्या मालकाचे नाव भलत्याच विद्यार्थ्याचे. खालचे जर्नल उघडले, त्यातही तेच चित्र. बनावट नोंद ओळखण्याचे शिक्षण घेणारी मुले बनावट नोंद इतक्या उघडपणे सादर करतात, आणि तीवर लाल शाईने सही होते, यात जो विनोद आहे तो मला त्या क्षणी हसू देईना.

मात्र त्या सही करणाऱ्या प्राध्यापकास दोष देऊन मोकळे होणे अन्यायाचे होईल. तो तासिका तत्त्वावर नेमलेला होता; व्याख्याने, उत्तरपत्रिका, प्रवेशाच्या दिवसांतील समुपदेशन, आणि उरलेल्या वेळात समितीसाठी फायली रचणे, असा त्याचा दिनक्रम. ज्या विद्येत आज सकाळी उघडकीस आलेले छिद्र संध्याकाळपर्यंत बुजवावे लागते, ती विद्या अभ्यासक्रम मंडळाने काही वर्षांपूर्वी मंजूर केलेल्या पानांवरून त्याने शिकवावी, आणि तीही एकदाही खरा हल्ला न पाहता, अशी आपली अपेक्षा असते. पोहणे फळ्यावर शिकवण्यासारखे हे आहे. विभागप्रमुख भेटले तेव्हा त्यांनी मोठ्या अभिमानाने भिंतीवरच्या तसबिरी दाखवल्या: "आमचे उद्योगांशी अकरा करार आहेत." प्रत्येक तसबिरीत दोन गृहस्थ, मध्ये एक फाइल आणि बाजूला पुष्पगुच्छ. या करारांन्वये कोणता उद्योग आपला कोणता माणूस आठवड्यातून किती तास येथे पाठवतो, असे मी विचारले. चहा आला, आणि विषय बदलला.

आपल्या जुन्या व्यवहारात 'उमेदवारी' हा एक अर्थपूर्ण शब्द होता. हल्ली तो निवडणुकीपुरता उरला आहे. पण वकिलाच्या दप्तरात, वैद्याच्या दारी, पेढीवर किंवा छापखान्यात मुलगा चार-दोन वर्षे उमेदवारी करी, म्हणजे खरे काम खऱ्या माणसाच्या नजरेखाली, चुकण्याची मुभा असलेल्या जागी बसून शिके. सायबर सुरक्षेची विद्या या उमेदवारीनेच येते, याला पुरावा शोधण्यास लांब जावयास नको. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर शाळेनंतर औपचारिक शिक्षणात फार रमले नाहीत. पुण्यात ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत, पुढे संगणक दुरुस्त करू लागले. दुकानात येणारे संगणक विषाणूंनी बाधलेले असत, आणि संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय त्या विषाणूंवर उतारा लिहीत. त्या दुकानातून 'क्विक हील' ही कंपनी उभी राहिली आणि २०१६ साली शेअर बाजारात दाखल झाली. एका भावाचे शिक्षण आणि दुसऱ्याच्या दुकानात येणारे खरे रुग्ण यांची तेथे गाठ पडली होती. विद्यापीठ आणि उद्योग यांची भागीदारी म्हणून ज्याचे आज परिसंवाद भरतात, ते एका दुकानात घडून गेले.

संस्थात्मक पातळीवर याच्या जवळ जाणारे उदाहरण म्हणजे पुण्यातीलच सी-डॅक. १९८८ साली स्थापन झालेल्या आणि 'परम' महासंगणकामुळे नावारूपास आलेल्या या संस्थेचा 'डिटिस' या संक्षेपाने ओळखला जाणारा सहा महिन्यांचा पूर्णवेळ पदविका अभ्यासक्रम आहे, ज्यात जाळी, सर्व्हर आणि त्यांची सुरक्षा हे विषय सकाळी व्याख्यानात आणि नंतर यंत्रावर, असे शिकवले जातात. प्रवेशपरीक्षा कठीण, शुल्क सामान्य घराला जड, आणि सहा महिने म्हणजे उसंत नाही. तरी त्या मुलांना कंपन्या उचलतात, कारण त्यांच्या बोटांना सवय झालेली असते. दुसरा नमुना केरळातला. कोल्लम जिल्ह्यातील अमृतपुरी येथे अमृता विद्यापीठात 'बायोज' नावाचा विद्यार्थ्यांचा चमू आहे. कुलूपबंद कोडी सोडवण्याच्या ज्या स्पर्धांना 'कॅप्चर द फ्लॅग' म्हणतात, त्यांत या चमूने देशाबाहेर नाव काढले, आणि 'इनसीटीएफ' या नावाने स्वतःची स्पर्धाही चालवली. थोरल्यांनी धाकट्यांना शिकवायचे, हा त्यांचा शिरस्ता. तालमीत वस्ताद एकच असला तरी पोरे एकमेकांशी झोंबूनच तयार होतात, तसे.

सरकारदरबारी काहीच घडत नाही असेही नाही. माहिती-सुरक्षेच्या शिक्षणाची केंद्राची योजना २००५ पासून या ना त्या टप्प्यात चालू आहे. अभियांत्रिकी पदवीधर मुलींना या क्षेत्रात आणण्यासाठी २०१८ साली मायक्रोसॉफ्ट आणि डेटा सिक्युरिटी कौन्सिल यांनी 'सायबर शिक्षा' हा उपक्रम सुरू केला. आणि गोव्यात राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची शाखा निघाल्यापासून मराठी मुलांना या विद्येसाठी गांधीनगर गाठण्याची निकड उरली नाही. परंतु या सगळ्यापेक्षा मला अमेरिकेतील एक व्यवस्था आपल्या उपयोगाची वाटते. तेथे २००० सालच्या सुमारास सुरू झालेल्या एका योजनेत सरकार विद्यार्थ्याचे शुल्क भरते, वर निर्वाहवेतन देते, आणि जितकी वर्षे मदत घेतली तितकी वर्षे सरकारी खात्यात सायबर सुरक्षेची चाकरी करण्याचे बंधन घालते. चाकरी टाळली तर मदतीचे कर्ज होते. त्याच देशाने २०१७ साली या क्षेत्रातील कामांची ५२ भूमिकांत वाटणी करून प्रत्येकीस कोणते ज्ञान आणि कोणते कसब लागते ते लिहून काढले, त्यामुळे प्राध्यापक आणि नोकरी देणारा हे निदान एका भाषेत भांडू शकतात. आपल्याकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरला वर्षभर बंधपत्रित सेवा करावी लागते. तालुक्याच्या रुग्णालयाला लागू पडणारे हे तत्त्व तालुक्याच्या बँकेला, नगरपालिकेला, जिल्हा परिषदेला लागू करण्यास कोणाची हरकत असावी? १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा पुस्तकात आहेच, आणि त्याखालील राष्ट्रीय योजनेत पदवीधराच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. एका सहकारी बँकेला दोन शिकाऊ उमेदवार परवडत नाहीत, हे ९४ कोटींच्या दरोड्यानंतर मला कोणी सांगू नये.

शिक्षणाचा एक भाग असा आहे की, त्याविषयी महाविद्यालये बोलण्याचे टाळतात. कुलूप राखायचे तर ते फोडता यावे लागते. आणि फोडता येऊ लागले की वीस वर्षांच्या मुलाचे हात शिवशिवतात. १९८८ च्या नोव्हेंबरात रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने केवळ जिज्ञासेपोटी सोडलेल्या एका प्रोग्रॅमने त्या वेळच्या इंटरनेटची दाणादाण उडवली. त्याला न्यायालयाने शिक्षा दिली, पुढे तोच एमआयटीत प्राध्यापक झाला. आपल्याकडे मुलांना हे माहीत नसते की, परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरल्यास, हेतू वाईट ठरल्यास, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "मी फक्त बघत होतो" ही सबब पोलीस ठाण्यात चालत नाही. लेखी परवानगीचा कागद चालतो. अशा परवानगीच्या मर्यादेत राहून छिद्र शोधणारा माणूस हा संस्थेचा उपकारकर्ता असतो, हे आपल्या संस्थाचालकांनाही शिकवायला हवे, कारण त्यांची पहिली प्रतिक्रिया छिद्र बुजवण्याची नसते, दाखवणाऱ्याला दटावण्याची असते. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. महाराजांनी तिचा सन्मान केला, आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधून घेतला. आमच्या एखाद्या संस्थेत ती गेली असती, तर तिच्यावर आधी चौकशी बसली असती आणि कडा तसाच राहिला असता.

भागीदारी खरी की तसबिरीपुरती, हे ओळखण्याची माझी कसोटी म्हणूनच अगदी व्यवहारी आहे. उद्योगाने आपल्या पहाऱ्याच्या दालनातून, नावे-पत्ते खोडून, खऱ्या हल्ल्यांच्या नोंदी वर्गात आणून दिल्या का? आपला अनुभवी माणूस, कचेरीच्या वेळात आणि कचेरीच्या खर्चाने, शिकवायला पाठवला का? आणि सुट्टीत घेतलेल्या उमेदवाराला एक्सेलचे तक्ते भरायला बसवले, की अनुभवी माणसाच्या शेजारची खुर्ची दिली? उद्योग म्हणतील, आम्हाला सवड नाही आणि आमच्या नोंदी गुप्त आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मग तयार माणूस मिळत नाही अशी तक्रार करण्याचा अधिकारही त्यांनी सोडावा.

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत या शाखेची चौकशी सुरू होते, आणि पालक पगाराचे आकडे विचारतात, वसतिगृह पाहतात, भिंतीवरचे करार वाचतात. त्यांना माझी एकच विनंती आहे. प्रवेशशुल्काचा धनादेश लिहिण्यापूर्वी, तेथे उभ्या असलेल्या एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला बाजूला घ्या आणि प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते, एवढे विचारा.